मिठाचं पाणी

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तोंडवलीच्या आपल्या दोन खोल्या आता समुद्रावर फिरायला येणाऱ्या पाहुण्यांनी भरलेल्या असतात. ते गेले की त्यांच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मी लगेच चिरडून टाकते. तेव्हा आपण त्यांत काय भरत नव्हतो! कोकमाचं आगळ, खोबरेल, आणि पाहुण्यांच्या संडासातले डाग काढायला आणलेलं सुटं अ‍ॅसिड. ते बाटलीत मीच ओतलं होतं, चुलीशेजारच्या फळीवर ठेवलंही मीच. तू मासळी विकून भर दुपारी आलीस, टोपली उतरवलीस आणि पाणी समजून मोठा घोट घेतलास.

पुढचं अजून डोळ्यांसमोर आहे. तू गळा धरून खाली बसली आहेस, ओठ पांढरे पडलेत. शेजारची काकी धावत येते आणि ओरडते, "तिका काय्येक पाजू नको गो! आदी डाक्टराकडे घेवन चल!" पण मी बारावी झालेली शहाणी, मी कशाला कुणाचं ऐकते? विष पोटात गेलं की मीठपाणी पाजून ओकायला लावायचं, हे आपल्याकडे लहानपणापासून पाहिलेलं. मी तांब्याभर खारं पाणी तुला पाजलं, घशात बोटं घातली. तू ओकलीस, त्यात रक्त होतं, आणि मला वाटलं, सुटलो एकदाचे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "ओकारी कुणी काढली? जाताना घसा जाळला, तेच वर येताना पुन्हा जाळत आलं." मी म्हटलं, शेजारच्या काकीनं. काकी दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तू दोन महिने काढलेस. अन्ननलिका आवळत गेली, नळीनं पोटात दूध सोडत. थुंकीसुद्धा गिळता येईना. "माका घोटभर पेज दी गो," म्हणायचीस, आणि दिली की खोकत सगळी बाहेर. तुला मी मारलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. बाबा मात्र काकीशी बोलले नाहीत, स्वतः मरेपर्यंत. वाडीतल्या बायका आपल्या पोरांना तिच्या हातचं पाणीही पिऊ देत नसत.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणूनच इतकं सरळ लिहिता आलं. द्यायला हवं ते कुंपणापलीकडे. काकी आत्ता तिच्या अंगणात एकटी बसलेली मला इथून दिसते आहे. आणि मी आजही उठणार नाही.