मागून आणलेलं बोंडलं

आत्याबाई,

मागच्या सोमवारी जावयांनी पुण्याहून पाठवलेलं खोकं बाळापूरच्या स्टँडवर उतरलं. आत काय निघालं ते सांगते. चोचीचा, दोन कानांचा कप एक, एकशे पंच्याऐंशी रुपये. उलटा केला तरी सांडत नाही असा कप एक, दोनशे साठ. नळीनं ओढून प्यायचा, हत्तीचं चित्र असलेला कप एक. याची किंमत जावयांनी खरवडून टाकली होती, पण उजेडात धरल्यावर पुढचा तीनचा आकडा दिसलाच. वर लाळेरी तीन, ती बहुतेक फुकट आलेली. आठ महिन्यांच्या एका लेकराला दूध प्यायला एवढा सरंजाम. तुमचा लेक तो न सांडणारा कप हातात घेऊन उलटासुलटा करत बसला अन् म्हणाला, "हे चाळीस वर्षांमागं भेटलं असतं तर आईच्या हातचा निम्मा मार वाचला असता माझा." पण न सांडणाऱ्या कपातून लेकराच्या तोंडातसुद्धा काही सांडत नाही, हे आम्हाला त्याच दिवशी कळलं.

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणून आधीपासून सांगते. ज्या नातीला तुम्ही पाटावर बसवून न्हाऊ घालत होता, तिचं लग्न झालं. तिला मुलगा झाला. गोरा आहे, हट्टी आहे, नाक तुमचं आहे. ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे अन् परीक्षेसाठी महिनाभरापासून माहेरी आलीये. पेपर बाळापूरच्या कॉलेजात. तीन तासांचा पेपर, जाणं-येणं धरून पाच तास. अन् पोरगं आईच्या दुधाशिवाय कशाला तोंड लावत नाही. दूध काढून ठेवलं तरी भांड्यातून घ्यायला तयार नाही. ओठ असे मिटतो जसं काही कुणी त्याच्याकडून गुपित काढून घ्यायला आलंय. आठवडाभर घरात एकच विषय. लेक म्हणायची, "आई, तो प्याला न्हाई तर मी जात न्हाई. वर्ष गेलं तर गेलं." तिचं असं बोलणं ऐकलं की मी उठून परसात जायची. का, ते शेवटी लिहिते.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. विहीणबाईंचा वाशिमहून रोज फोन, की चांदीच्या वाटीनंच पाजा, बुद्धी तल्लख होते. पुण्याच्या डॉक्टरांनी जावयांना सांगितलं की चोचीबिचीचं काही नको, सरळ उघडा पेला ओठाला लावा. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "वाटी-चमचा. दुसरं काईच नको, चोचीत घाण राहती." लेकीच्या मैत्रिणीनं सांगितलं की नळीचा कप सगळ्यात चांगला, तिच्या भाचीनं दोन दिवसांत शिकून घेतलं. लेकीनं हे सगळं जुन्या कॅलेंडरच्या पानामागं लिहून भिंतीला लावलं अन् संध्याकाळी मला वाचून दाखवलं. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. मी म्हणाले, "हे सगळं पोराला वाचून दाखव, त्याला पटंल ते तो घेईल." ती हसली, पण डोळे भरलेले होते.

त्या कॅलेंडरच्या पानाकडं पाहून मला आपली ती फळी आठवली. चुलीवरची, जिच्यावर तुम्ही मागून आणलेली भांडी ओळीनं मांडली होती.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आपलं गाव परभणी जिल्ह्यात होतं, अन् हीच लेक नऊ महिन्यांची होती. बारावीला बाहेरून बसायचा तो सतरा नंबरचा फॉर्म तुम्ही मला भरायला लावला. तुम्हाला सही येत नव्हती, अंगठा करायच्या. पण फॉर्मची फी भरायला तुम्ही स्वतः लेकाच्या मागं बाळापूरला गेलात. मी नको म्हणत होते. तर तुम्ही म्हणालात, "काहून नको? दहावी झालेली सून चुलीपुढं बसवून ठिवली तर वर गेल्यावर नागनाथ इचारंल मला. काय सांगू त्येला, भाकरी चांगल्या करती म्हनून?" सकाळी आठची गाडी, तीनला परत. लेकरू तेवढा वेळ तुमच्याजवळ राहणार, पण तेही माझ्या दुधाशिवाय काही घेत नव्हतं. अगदी आताच्यासारखंच.

आपल्याकडची रीत तुमच्या तोंडपाठ. लेकराला पाजायचं भांडं विकत आणायचं नाही, मागून आणायचं, अन् तेही ज्या घरची लेकरं गुटगुटीत आहेत त्या घरून. म्हणजे त्या घरची भूक आपल्या लेकराला लागते. तुम्ही पदर खोचून निघालात. वरच्या आळीतून पितळेचं बोंडलं आलं, ते चिमणीच्या चोचीचं. देवळामागच्या घरून दुसरं बोंडलं आलं, त्याची चोच वाकडी होती, पण त्या घरचे चारही पोरगे पैलवान. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही उन्हात तांड्यावर गेलात, सात लेकरांच्या आईकडं. ती हसून लोटपोट झाली म्हणे. "म्हातारे, भांड्यानं लेकरं गुटगुटीत होत न्हाईत, पाजल्यानं होतात," असं म्हणाली, अन् तरी काशाची वाटी दिली. हे तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, तिच्यासारखं कमरेवर हात ठेवून. माझ्या आईनं शिरड शहापूरहून निरोप पाठवला की कापसाची वात दुधात भिजवून चोखायला द्या. तुमच्या लेकानं हिंगोलीहून काचेची बाटली आणली. फळीवर पाच तऱ्हा मांडलेल्या, अन् खाली आपण दोघी, मांडीवर लेकरू, असं आपलं रोज दुपारचं चालायचं.

नर्सबाई आल्या त्या दिवशी तर मजाच झाली. त्यांनी पितळेच्या बोंडल्याच्या चोचीत करंगळी घातली, ती हिरवी होऊन बाहेर आली. "आजी, कल्हई कुठंय याला?" तुम्ही म्हणालात, "आवं बाई, त्या घरची सगळी लेकरं याच्यावर वाढली." त्या म्हणाल्या, "याच्यावर वाढली न्हाईत, याच्यातून वाचली." तुम्हाला राग आला. तुम्ही लेकरू त्यांच्या मांडीवर दिलंत, म्हणालात, "मग तुमीच पाजा." नर्सबाईंनी वाटी-चमचा घेतला, आणि लेकरानं एकाच फटक्यात सगळं दूध त्यांच्या पांढऱ्या साडीवर उडवलं. तुम्ही तोंडाला पदर लावून मागच्या दारी गेलात. मला वाटलं शरमेनं गेलात. जाऊन पाहते तर तुम्ही बाभळीला धरून हसत होता.

अन् मागून आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही दुसरी रीत. एका बोंडल्यात तुरीची डाळ, दुसऱ्यात गूळ, काशाच्या वाटीत शेंगदाणे. "लेकराच्या पोटात थेंब न्हाई अन् माझ्या डब्यातली डाळ गावभर," असं पुटपुटत तुम्ही पेपरच्या आदल्या दिवशी सगळी भांडी पोचवून आलात. संध्याकाळी मी सांगितलं, "आत्याबाई, न्हाईच पेत. मी न्हाई जात उद्या." तुम्ही जात्याचा खुंटा सोडलात. मग उठून माझं परीक्षेचं ओळखपत्र घडी करून देवाच्या पाटाखाली ठेवलंत अन् म्हणालात, "जाऊ दे. लेकरापुढं पेपर काय." पुढच्या वर्षी धाकटा पोटात होता, विषय निघाला नाही. पण तुम्ही मात्र तो विषय सोडला नाही. कुणाकडं बाळंतपण झालं, भांडं मागायचं निघालं, की तुम्ही सांगायच्या, "आदी कल्हई बघा बायांनो. माझ्या बोंडल्यापायी सुनेची बारावी गेली." अगदी गेलात त्या वर्षीपर्यंत सांगत होता. मी तिथंच बसलेली असायची, धान्य निवडत.

आता आजचं सांगते. आज पहिला पेपर. सकाळपर्यंत पोरानं कशालाच तोंड लावलं नव्हतं. काल संध्याकाळी मी त्याला वाटीतून पाजून पाहिलं, परसात नेऊन, लेकीला दिसू नये म्हणून. त्यानं सगळं माझ्या अंगावर थुंकलं. मी लुगडं बदललं, घरात आले, अन् लेकीनं विचारलं, "प्याला का गं?" आत्याबाई, माझ्या तोंडातून निघालं, "प्याला की! भरभरून प्याला. वाटी चाटून पुसून मोकळी." तिचा चेहरा असा उजळला की मला पुढं आणखी खोटं रचावं लागलं, म्हणाले, ढेकरसुद्धा दिला. रात्री ती निवांत अभ्यास करून झोपली. सकाळी दूध काढून वाटीत झाकून ठेवलं, देवाला हात जोडले अन् तुमच्या लेकाच्या गाडीवर मागं बसून गेली. जाताना वळून म्हणाली, "तू होतीस म्हणून गं आई." मी हात हलवला.

पहिला तास बरा गेला. मग त्याला आईची आठवण झाली. चोचीचा कप दिला, त्यानं कान धरून भिंतीवर आपटला. हत्तीवाल्या कपाची नळी चावली, ओढली नाही. न सांडणारा कप तर मी त्याला दाखवलासुद्धा नाही. वाटी-चमचा झाला, पेला झाला. चांदीच्या वाटीपुढं त्यानं असा गळा काढला की शेजारीण भिंतीवरून डोकावली अन् म्हणाली, "रडू दे, फुप्फुसं मोठी होतात." तोही एक सल्ला. बारा वाजत आले, पूजा तशीच राहिलेली. म्हटलं, आता देवालाच सांगू. त्याला कडेवर घेतलं अन् देव्हाऱ्यापुढं बसले. रोज पूजा झाली की मी त्याच्या जिभेवर तीर्थाचा थेंब सोडते, पळीनं. तुम्हाला माहीत आहे, रोजच्या सवयीला लेकरं पक्की असतात. मी पळी उचलली अन् यानं रडता रडता आ केला. चिमणीच्या पिलासारखा. मी तीर्थ सोडलं. त्यानं गिळलं अन् पुन्हा आ.

आत्याबाई, मी एकदा देव्हाऱ्यातल्या नागनाथाकडं पाहिलं. मग दुधाची वाटी ओढली अन् देवाची पळी दुधात बुडवली. एक पळी. दुसरी. मी मोजत नव्हते, मी नाम घेत होते, प्रत्येक पळीला एक. वाटी संपली तेव्हा माझ्या मांडीला मुंग्या आल्या होत्या अन् पोरगं पूजेच्या चौरंगाला पाय लावून झोपलं होतं. पळी तीनदा धुतली, देवाला सांगितलं की सोवळं मोडलं, पण तुझ्याच प्रसादाला हा तोंड उघडतो, त्याला मी काय करू. देव तसा सल्ले देणाऱ्यांतला नाही.

आता पोरगं झोपलंय, लेक यायला तासभर आहे, अन् मी हे लिहीत बसलेय. लिहायचं कारण वेगळंच आहे. काल संध्याकाळी ते खोटं इतक्या सहज माझ्या तोंडून निघालं, की मला माझं जुनं खोटं आठवलं. तेव्हाच्या पेपरच्या आदल्या दिवशी तुम्ही डाळ-गूळ घेऊन भांडी पोचवायला गेला होता. मी एकटी होते. मी माझ्या फुलपात्रातून पाणी पीत होते, तर लेकीनं हात घातला, ओढलं, अन् काठाला ओठ लावून गटागटा पाणी प्याली. मी त्यात गाईचं तापवून गार केलेलं दूध ओतलं. तेही प्याली, सगळं. पुन्हा दिलं, पुन्हा प्याली. मग मी तिचं तोंड पुसलं, फुलपात्र घासून पालथं घातलं अन् तुमची वाट पाहत बसले. मला इंग्रजीच्या पेपरची भीती वाटत होती, आत्याबाई. चार वर्षं पुस्तकाला हात लावला नव्हता. तुम्ही गावभर सांगून ठेवलेलं, माझी सून बारावी होणार. नापास झाले असते तर तुमचं तोंड कसं पाहिलं असतं? लेकरू पेत नाही, हे सांगणं सोपं होतं. तुम्ही सगळा दोष आपल्या बोंडल्यावर घेतलात अन् मी सहा वर्षं धान्य निवडत ऐकून घेतलं.

हे पत्र पोथीत ठेवीन. तुमच्या गावाला टपाल जात नाही एवढं मलाही कळतं. पण लेक आता येईल. पोरगं काल थेंबही प्यालं नव्हतं, हे तिला सांगू, की सगळे पेपर होईस्तोवर गप्प बसू? आणि तुमचं-माझं ते जुनं तिला सांगू का? या वेळी मला दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. रागावला असलात तरी चालेल, चार शिव्या घालून का होईना, पण उलट टपाली कळवा.