अस्वलाची सबब

३ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामीच्या पत्रातून पायाचं कळलं. सहासष्टाव्या वर्षी स्टुलावर चढून कापडाचं ठाण काढायला तुला कोणी सांगितलं होतं? ऑपरेशन नीट झालं हे वाचून जिवात जीव आला.

माझ्या प्रयोगशाळेतल्या खारी मजेत आहेत, म्हणजे हिवाळाभरासाठी झोपल्या आहेत. शीतघरात मुठीएवढे गार गोळे! परवा एकीचं रक्त तपासलं. प्लेटलेट्स, म्हणजे जखमेवर रक्त गोठवणारे ते कण, दहातला एकच शिल्लक. बाकीचे यकृतात दडून बसतात आणि खार जागी झाली की दोन तासांत कामावर हजर. आपल्या प्लेटलेट्स फ्रिजमध्ये ठेवल्या तर फार टिकत नाहीत, म्हणून रक्तपेढीत त्या फ्रिजबाहेर हलवत ठेवतात, तेही जेमतेम आठवडाभर. खारीची युक्ती आपल्याला कळायला हवी. अस्वल तर महिनोन्महिने लोळतं, तरी रक्तात गाठ म्हणून होत नाही.

मार्चमध्ये हे सगळं मोठमोठ्या लोकांपुढे सांगायचंय. त्यासाठी तू शिवून द्यायचं कबूल केलेला कोट आता विसर. आधी पाय. माझ्यावरचा लोभ असू दे, थोडा स्वतःवरही कर.

तुझी भाची

११ जानेवारी

चि. खारुताईस अनेक आशीर्वाद.

डॉक्टर म्हणतात, दिवसातून चारदा वॉकर धरून चाला, नाहीतर पायात गाठ होईल आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. मी त्यांना तुझं पत्रच वाचून दाखवलं. अस्वलाला काही होत नाही, तर मला काय धाड भरलीय? बिचारे उठून निघूनच गेले. (मामीच्या मते ते कपाळाला हात लावून गेले.) तेव्हा मी पडून आहे, चहा जागेवर येतो. अंगानेही मी अस्वलाला जवळचाच. घरात शास्त्रज्ञ असावा तो असा.

कोटाचं बघू. कापड उभ्यानेच बेतावं लागतं, एवढीच अडचण आहे. लोभ वाढव, पत्रं वाढव.

तुझा मामा

१५ जानेवारी

चि. बाळास आशीर्वाद.

हे त्यांच्या नकळत लिहितेय. वॉकरवर सध्या टॉवेल वाळतात. अस्वल ही नुसती सबब आहे. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी उठताना वॉकर सरकला, मी धरलं म्हणून पडले नाहीत. तेव्हापासून पाय जमिनीला लावत नाहीत. चाळीस वर्षं पायाने शिलाई मशीन चालवलेला माणूस घाबरलाय आणि तसं म्हणायला लाजतोय. काल पिंढरी सुजली. तपासणीत गाठ निघाली नाही, पण डॉक्टर म्हणाले, या खेपेला सुटलात. माझं ऐकत नाहीत. तूच काहीतरी लिही.

तुझी मामी

२० जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

चूक माझी, मी अर्धंच लिहिलं. अस्वलाचं शरीर झोपेची तयारी आधीपासून करतं, त्याच्या प्लेटलेट्ससुद्धा बदलतात. तू स्टुलावरून पडण्याआधी अशी काही तयारी केली होतीस का? तुझ्या प्लेटलेट्स टक्क जाग्या आणि तू लोळतोयस, धोका त्यातच आहे.

आणि खारही सलग झोपत नाही. दर दोनेक आठवड्यांनी उठते. काल एकीला उठताना पाहिलं. आधी नुसती थरथर. पुढचं अंग लवकर तापतं, मागचे पाय मात्र ऐकतच नाहीत. उठली, कलंडली, पुन्हा उठली. तिला बघून मला तुझी आठवण आली आणि रडू फुटलं. मामा, मला फार काळजी वाटते. कोट नको, पण मार्चमध्ये पहिल्या रांगेत तू हवास. भीती वाटली तर वाटू दे, थरथरत का होईना, ऊठ. एवढा लोभ करच.

तुझी भाची

९ फेब्रुवारी

चि. खारुताईस अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलंय, चालवून घे. तुझं पत्र उशाखाली ठेवून दोन दिवस रुसलो. तिसऱ्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत गेलो. तुझ्या खारीसारखेच पाय ऐकत नव्हते. भ्यालो होतो गं, चांगलाच भ्यालो होतो. आता जिन्यापर्यंत जातो. टॉवेल कुठे वाळत घालायचे, म्हणून मामी कुरकुरते.

तुझं माप गेल्या वर्षीचं आहे, म्हणून शिवणीत दोन बोटं माया जास्त सोडलीय. काखेत काचलं तर कळव. हो, कोट आज सकाळी बेतला. आणि हे पत्रही त्याच टेबलाशी, उभ्याउभ्या लिहितोय. मामी मघापासून खुर्ची धरून मागे उभी आहे. तिचे पाय दुखतील, म्हणून थांबतो.

तुझा मामा