अकरा हजार किलोमीटर, समोरून वारा

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोटातली गाठ काढायचं ठरलं. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाबरण्यासारखं दिसत नाही; पण गाठ कसली ते काढून तपासल्यावरच कळेल. चष्म्याच्या दुकानातून रजा मिळाली आहे. शेजारीण सोबत येणार आहे. तेव्हा तू येण्याच्या भानगडीत पडू नकोस. तुझ्या विमानतळापासून माझा विमानतळ अकरा हजार किलोमीटरवर. थेट विमानालाही चौदा तास लागतात, आणि तू तर सिनेमाला बसलीस तरी पाय सुजवून घेतेस. खुशाली कळवत राहीन.

तुझी,
धाकटी

१४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

भानगडीत पडले आहे. तिकीट काढलं, सहा तारखेला संध्याकाळी पोचते. बसून राहण्याची भीती मला घालू नकोस. सगळा जन्म शिवणयंत्रापुढे बसूनच काढलाय. डॉक्टरांनी घट्ट मोजे दिलेत आणि अधूनमधून विमानात फेऱ्या मारायला सांगितलंय. तुझे भावजी बस चालवणारे. त्यांनी हिशेब करून सांगितलं की बसनं महिनाभर लागला असता, त्या मानानं हे काहीच नाही. आई-बाबा नाहीत, तुझ्या उशाशी बसायचा हक्क आता माझाच. वाद घालू नकोस. नीट जेव.

तुझी,
ताई

१६ एप्रिल

ती. भावजींना,
सा. न. वि. वि.

ताई पोचल्याचा फोन तुम्हाला आला, पण वाटेतली फजिती ती सांगायची नाही. समोरून वारा इतका जोराचा होता की इंधन पुरेना, म्हणून विमान मध्येच भलत्या विमानतळावर उतरवलं. तिथं रात्र बाकावर गेली. लोक चिडले होते, आणि आपल्या बाईसाहेब कुणाच्या तरी बॅगेचा तुटलेला पट्टा शिवून देत होत्या.

मला आत नेलं तेव्हा ती आली नव्हती. बरंच झालं, तिला हे बघायला नको, असं मी शेजारणीला म्हटलं खरं; पण नजर दाराकडेच होती.

शुद्धीवर आले तर ताई समोर. अंगात स्वेटर, खांद्याला पिशवी तशीच. मी कसंबसं म्हटलं, येऊ नकोस म्हणून लिहिलं होतं ना. ती म्हणाली, "गप पड. आणि सरक जरा." माझ्याच खाटेवर पायथ्याशी आडवी झाली आणि चक्क घोरायला लागली. नर्स उठवायला आली, तिला मी हातानंच थांबवलं.

गाठ साधी निघाली, काल अहवाल आला. ताई तो ऐकून गॅलरीत गेली आणि बऱ्याच वेळानं आत आली. डोळे पुसलेले होते.

परतीला वारा पाठीशी असतो, दोन तास वाचतात, असं तिला विमानात कुणीतरी सांगितलं. तेवढे वाचणारच आहेत तर घाई कशाला, असं म्हणून तिनं आज तिकीट महिनाभर पुढे ढकललं. हे तुम्हाला मी कळवावं असं ठरलं. तोवर स्वयंपाक तुमच्याकडे. राग आला तरी लोभ तेवढा राहू द्या.

आपली,
धाकटी