पाचशेंचा गठ्ठा

६ जानेवारी २०२५, नवापूर
आले बाई एकदाची! आमचं प्रकाशा गाव सोडताना आईने डबाभर लाडू दिले, अर्धे बसमध्येच संपले. ट्रस्टच्या कार्यालयातून थेट सुरतचा हायवे दिसतो. डोंगरातल्या पाड्यांवर औषधांची गाडी जाते, तिच्या यादीतून मयतांची नावं काढायचं काम माझ्याकडे. इथले जुने कारकून इसहाकभाऊ एकेक नाव घेतात, पाड्यावर फोन लावतात, खात्री करतात आणि मगच सर्व्हरला हुकूम देतात. उत्तर आलं की पुढचं नाव. अशाने महिना जातो. मला हसू आवरेना.

९ जानेवारी
एकेक हुकूम पाठवणं बंद. पाचशे हुकूम एका गठ्ठ्यात बांधले आणि एकदम सोडले. एक अडला तर अख्खा गठ्ठा परत, नाहीतर सगळे पार. चार मिनिटांत काम फत्ते! साहेब खूश. इसहाकभाऊ तेवढे म्हणाले, "ताई, आमच्या पाड्यात मोगराबाई दोन हायेत. एक गेली, एक हाय. फोन करून घ्या." पाचशे फोन कोण करणार? माझी चिडचिड झाली. केला नाही.

२० जानेवारी
गाडी दुसऱ्या मोगराबाईच्या दारात थांबलीच नाही. तिला रोज इन्सुलिन लागायचं. काल ती गेली. इसहाकभाऊंची सख्खी मावशी. तिची इन्सुलिनची रिकामी कुपी माझ्या टेबलावर ठेवून ते रजेवर गेले. अहवालात मी 'तांत्रिक अडचण' लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं.

२२ जानेवारी
पाचशे ओळी बांधते, नोंदीत पाचशे एक दिसतात. शेवटची दर वेळी तीच, माझ्याच नावाची — चेतना, प्रकाशा, मयत. इसहाकभाऊंनी सूड उगवला म्हणून संतापले. पण ते पाड्यावर आहेत आणि पासवर्ड आता फक्त माझ्याकडे. कुपी कचऱ्यात टाकली होती. टेबलावर आहे.

२३ जानेवारी
हजेरीच्या मशीनने बोट घेतलं नाही. साहेब माझ्याकडे न बघता माझ्या जागी नवीन माणूस शोधायला सांगत होते. भरदुपारी आईला फोन लावला. आवाज रडून बसलेला. "तुम्ही कोन बोली ऱ्हायनात? मन्ही चेतना तं मरी गयी."
मी ओरडत राहिले. तिने फोन ठेवला.

२४ जानेवारी, सकाळ
माझी ओळ 'हयात' करते — गठ्ठा परत येतो. अडलेली ओळ दाखवतो. मोगराबाई. तिला मागे ठेवून मला एकटीला परत येऊ देत नाही ती.

दुपार
दोघींना एकाच गठ्ठ्यात बांधलं. दोघी हयात. सोडला.
पार झाला! आईचाच फोन वाजतोय — पण कुपी टेबलावर नाही — जिन्यात कुणीतरी अनवाणी — घाई नाही तिला — एकेक पायरी — प्रत्येक पायरीवर थांबून माझं नाव विचारते, खात्री करते, मगच पुढची —
दाराशी —
विचारतेय, चेतना हीच का, मी नाही म्हणाय