लिफ्टमधलं स्टूल

४ मार्च
उतरलं! एलडीएच सहाशे बारावरून तीनशे चाळीस. रक्तातलं हे एन्झाइम. पेशी मोडल्या की वाढतं. केमो माझ्या फुफ्फुसातल्या गाठीला भारी पडतेय की नाही, याचा पहिला अंदाज डॉक्टर त्यावरून बांधतात. "वा आजी, छान!" म्हणाले. आजी? मी यांची कोण लागते? पण आकडा ऐकून माफ केलं. सुनेला दोनदा वाचायला लावला.

६ मार्च
सोसायटीवाल्यांनी लिफ्टमध्ये स्टूल ठेवलंय – माझ्यासाठी! तिसऱ्या मजल्यावरची म्हणते, "बसा हो काकू, दम लागत असेल." जन्मभर वाचनालयात मी भल्याभल्यांना गप्प बसवलं, आता या मला बसवणार! कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बजावायच्या – अंगात ताप असला तरी पाठ ताठ.
जिन्यानं गेले. चारही मजले. दारात सून.
"आई, लिफ्ट बंद पडली का?"
"लिफ्ट चालू आहे. मीही चालू आहे."

१३ मार्च
रोज चढते. आज तिसऱ्या मजल्यावरची खाली लिफ्टची वाट बघत ताटकळली आणि मी तिच्या दारावरून पुढे गेले! वर पोचल्यावर धाप लागली, ती आपल्या घरात, दार लावून.

२५ मार्च
चारशे सत्तर. डॉक्टर आकड्याकडे बघतच राहिले. "औषध लागू पडेनासं झालं की काय..."
सून मध्येच, "डॉक्टर, आई रोज जिने चढतात." चुगलखोर!
पण ते सावरून बसले. फार श्रम झाले तरी हे थोडं वाढतं म्हणे, स्नायूंमुळे. आठवडाभर जिना बंद, मग पुन्हा रक्त.
तेच असणार. माझ्या पायांचा प्रताप! केमो घेत घेत एन्झाइम वर जाईल इतकं चढणारी दुसरी बाई दाखवा मला.

२८ मार्च
लिफ्ट. उभ्यानं.

१ एप्रिल
पाचशे ऐंशी. आठवडाभर एक पायरी चढले नाही, तरी. परवा स्कॅन. बहुधा औषध बदलणार.
येताना सुनेला मी म्हटलं, "बघ, बिचाऱ्या जिन्याचा काही दोष नव्हता." तर रडायलाच लागली, वेडी. लिफ्टसमोर, चारचौघांत.

२ एप्रिल
जिन्यानं निघाले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते स्टूल! वर पाहिलं, तर कठड्यावरून डोकावणारी सून चटकन मागे सरली.
बसले. पाठ ताठ.