आईनं घेतलेलं नाव

लंडन, १९६५

शेषराव,

तुले आशीर्वाद लिहायले हात धजत नाही.

आईनं तुले बाबांच्या नावानं हाक मारली, म्हणून निर्लज्ज ठरवून तू तिले गोठ्यात कोंडलं? शेजारच्या इंदूबाईनं कळवलं.

इथं मी अशाच विसरभोळ्या म्हाताऱ्यांचे मेंदू, ते मेल्यावर, सूक्ष्मदर्शकातून पाहून राहिलो. त्यात प्रथिनांच्या गुठळ्या असतात. काही पिळलेल्या सुतासारख्या, काही सरकीवरल्या कापसासारख्या. सगळ्या सारख्या काहून नसतात, ते आमाले अजून समजलं नाही. पण निर्लज्जपणा एकाही मेंदूत दिसला नाही.

ती जेवते ना? अंगावर गोधडी आहे ना?

जन्मभर तिनं नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नाही. आता तुह्या चेहऱ्यात तिले बाबा दिसतात. बाबांनी तिले कधी कोंडलं नव्हतं. कडी काढ, अन् पुढची हाक आली की ओ दे.

कडी काढली असशील तरच तुहा भाऊ,
पुंजाराम