लाल मखमलीवरची नखं

१८ मे १९३६, सोमवार

पुन्हा कोच फाडला! डावा हात, वरपासून खालपर्यंत. आतला काथ्या बाहेर लोंबतोय. सकाळी केर काढायला गेले तर सुंठीबाई कोचावरच पंजे चाटत बसलेल्या! केरसुणी फेकून मारली. मांजराला लागली नाही, मामंजींच्या पितळी तस्ताला लागली. त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली.

हा कोच म्हणजे मामंजींचा जीव की प्राण. देवळाली कॅम्पातला कोणी साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्या सामानाच्या लिलावात घेतला. बैलगाडीतून आला तेव्हा अख्खी गल्ली दारात. लाल मखमल! घरातल्या कोणी त्यावर बसायचं नाही. मामंजी स्वतःसुद्धा समोर सतरंजीवर बसतात आणि कोचाकडे बघतात. वन्संना बघायला निफाडचे पाहुणे यायचेत, ते यावर बसणार. मामंजी म्हणतात, "फाटक्या कोचावर बसवून माझी शोभा करून घेऊ? आधी कोच, मग पाहुणे!"

आणि पाहुणे येऊन गेल्याशिवाय मला माहेर नाही! सासूबाईंनी सांगूनच ठेवलंय – "श्यामलेचं एकदा ठरू दे, मग जा." दोन वर्षं झाली. आईचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलाच. दुसऱ्यानं दिसतंय तोवर एकदा तोंड दाखवून जा, असं तिनं दादाकडून लिहवून घेतलं. हे सगळं अडलंय कशापायी? एका मांजराच्या नखांपायी! संताप संताप होतो नुसता.

२० मे

भांडीवाली गोजराबाई म्हणाली, "तिखट चोळा वो कोचाला. पुन्यांदा फिरकायची नाय." चोळलं. सुंठी नाही फिरकली, पण मामंजी संध्याकाळी कोच झटकायला गेले आणि दिवेलागणीपर्यंत शिंकत होते. मग कापूर ठेवून पाहिला. सुंठी त्या वड्या पंजानं उडवत घरभर खेळली! मग रॉकेल लावायला निघाले तर सासूबाई अंगावर आल्या – पाहुण्यांना वास येईल.

हे म्हणतात, "मांजरच ते. नखं कुठेतरी घासणारच." म्हणायला काय जातं! यांची आई ठणठणीत आहे.

२३ मे

इसाकमियाँ गादीवाले येऊन कोच बघून गेले. हाताला जोड देतो म्हणाले. "पन भाभी, ऐसी मखमल आता मिळनार नाही. बिल्लीला तिची जागा द्या. ओंडक्याला सुंभ गुंडाळून ठेवा, ती तिथंच घासंल."

वन्संनी लगेच बाभळीचा ओंडका मिळवला आणि दुपारभर सुंभ गुंडाळत बसल्या. मांजराचं कौतुक भारी! त्या पंधरा वर्षांच्या, आणि ते मांजर त्यांच्या पायाशी निजतं.

२६ मे

ओंडका पसंत पडला! सुंठी सकाळ-संध्याकाळ त्यालाच ओरबाडते. पाहुणे रविवारी. मी ट्रंक झाडून ठेवली. आईसाठी वाती वळायला घेतल्या.

३० मे, शनिवार

काय लिहू!

उद्या पाहुणे, आणि आज सकाळी कोचाचा उजवा हात फाटलेला! ओंडकाही हवा आणि कोचही हवा! मामंजी काठी घेऊन सुंठीच्या मागे. सासूबाई आडव्या – "मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं! आहे का सोनं?" मामंजी थांबले. मग काठी आपटत म्हणाले, "मग नदीपलीकडे सोडा!"

गोरक्ष टांगेवाल्यानं पोत्यात घालून नेली. तपोवनात एका गोसाव्याच्या झोपडीपाशी सोडून आला. पाहुण्यांना निरोप गेला – घरात अडचण आहे, पुढे कळवतो.

वन्सं जेवल्या नाहीत. रडून रडून डोळे सुजले. मला दया आली नाही, उलट चीड आली. मांजरासाठी एवढं? माझी आई आंधळी होत चालली आहे, मी रडत बसलेय का?

२ जून

घरात मांजर नाही. दूध उघडं ठेवलं तरी चालतं.

१० जून

कोच आला! इसाकमियाँनी दोन्ही हातांना नवं कापड घातलं – जरा गडद आहे, पण पडदा ओढला की कळत नाही. पाहुणे येत्या रविवारी. मामंजी म्हणाले, "आता पुढे ढकलणं नाही. आषाढी एकादशी झाली की चातुर्मास, मग सगळंच लांबलं. ते थांबायचे नाहीत." स्थळ बिजवर आहे, पण पोटापाण्याला कमी नाही, घरात दोन गडी आहेत. सासूबाई दिवसातून चारदा त्या गड्यांची गोष्ट सांगतात.

आईला कार्ड टाकलं – सोमवारी निघते.

१२ जून, शुक्रवार

कोचाची पाठ फाटली. पाठ! मधोमध!

मांजर तपोवनात आणि कोच इथे फाटलेला! सासूबाई म्हणाल्या, कौलातून परत आली असेल, मांजर वाट विसरत नाही. सगळं घर पालथं घातलं. माळा, कोठीची खोली, लाकडांमागे. एक केस नाही. मामंजी कोचासमोर उभे. त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि ते ओरडतात त्यापेक्षा ते वाईट. "मांजर दिसलं का कोणाला? नाही ना? मग मांजर नसेल तर माणूस आहे. परवापर्यंत मांजर दिसलं नाही, तर एकेकाला देवापुढे उभं करून विचारीन."

दुपारी वन्संची वेणी घालायला बसले. शिसवी फणी हातात घेतली. तीन दात मोडलेले. उरलेल्यांत लाल तंतू अडकलेले.

मी फणी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. माझ्या डोक्यात जाळ झाला! थोबाडीत द्यावी असं वाटलं. माझी ट्रंक, माझ्या वाती, माझ्या आईचा डोळा – आणि ही बया रात्री उठून कोच फाडते! आणि नाव मांजराचं! "उजवा हातसुद्धा तुम्हीच?" मी विचारलं. त्यांनी होय म्हणून मान हलवली. "मग सुंठीला का घालवू दिलीत?"

तर म्हणाल्या, "वहिनी, त्या निफाडच्या बिजवराची थोरली मुलगी इथं शिकायला होती, माझ्याच वर्गात. एका बाकावर बसायचो आम्ही. तिची आई व्हायचं मी?"

मी वेणी घातली. हात दुखेपर्यंत घट्ट घातली.

१३ जून

मामंजींनी पाहुण्यांना पुन्हा थांबवलं. माणूस दुपारी उलट निरोप घेऊन आला – त्यांना वेळ नाही, ते सिन्नरची मुलगी बघणार आहेत. सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या. सिन्नरच्या मुलीच्या घरी कोच नसेल, बिचारीच्या.

मला राग येतोय. कोणाचा, ते आज सांगता येत नाही. दिवसभर आपटत होते भांडी. मामंजींनी मला बघितलं तेव्हा मी तेरा वर्षांची, खाली मान घालून गहू निवडत होते. मला कोणी विचारलं नाही, आणि मलाही काही सुचलं नाही. हिला फणी तरी सुचली.

उद्या मामंजी देवापुढे विचारणार. वन्सं खोटं बोलायच्या नाहीत, मला ठाऊक आहे. आणि मग त्यांना या घरात कोण ठेवेल सुखानं! पहिला सापडेल त्याच्या गळ्यात बांधतील.

ह्यांना म्हटलं, सांगा ना वडिलांना, की मांजरच होतं. हे म्हणाले, "मी कुठे पाहिलं?"

१४ जून, रविवार

मी पहाटेच गोजराबाईकडून गोरक्षला सांगावा धाडला होता. तो मागच्या दारानं आला. पोतं मी घेतलं. सुंठी वाळली आहे, एक कान फाटलाय, पण ओरबाडायची खोड तीच – माझ्या मनगटावर तीन रेघा ओढल्या.

तिला कोचावर सोडली आणि घर दणाणेल अशी ओरडले – "आली हो, आली मेली परत!" मामंजी काठी घेऊन धावले. सासूबाई म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" वन्सं दारात उभ्या. माझ्याकडे बघत होत्या.

आईला कार्ड लिहिलं – दिवाळीनंतर येते. फणी चुलीत घातली.